दोन दारांची खोली

१२ जुलै

प्रिय ठोकळी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी बहुतेक जमिनीपासून वीतभर वर चालत असेन. आमची प्रश्नावली चालतेय. फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि मागे तुझ्या सासूबाईंचा टीव्ही केकाटत असतो. शिवाय हॉस्टेलच्या त्या खुराड्यात राहत होतो तेव्हा आपलं ठरलंच होतं, कामाचं ते बोलून आणि महत्त्वाचं ते लिहून.

पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या वेळी तू ऐकता ऐकता जांभई दिली होतीस. एखाद्या विद्यार्थ्याला नुसता परीक्षेचा वैताग आलाय की तो खरंच मनातून खचत चाललाय, हे ओळखणारी एक प्रश्नावली बाहेर कुठे तरी तयार झालेली आहे. ती आपल्या भाषेत आणायची आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ती खरी ठरते का ते तपासायचं, हा माझा पीएचडीचा उद्योग. भाषांतर झालं तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. मग काही मुलांना एकेकटं समोर बसवलं आणि सांगितलं, प्रश्न मोठ्याने वाचा आणि डोक्यात येईल ते बोलत सुटा.

पहिल्यानेच माझी दांडी गुल केली. मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'मनावर मळभ दाटल्यासारखं वाटतं का?' तो म्हणाला, "मॅडम, हे हवामान खात्याचं आहे का?" पुढच्या मुलीने 'आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं' याला ताबडतोब हो म्हटलं. मी हळूच विचारलं, का गं? तर म्हणे, अजून कुठे नोकरी लागली नाही ना. मी कपाळाला हात लावला. मग वास्तुशास्त्राची एक मुलगी आली. तिने चार-पाच प्रश्न वाचले आणि कागद खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही सगळं लांबून विचारताय. आम्ही असं म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, आतून बंद पडल्यासारखं झालंय." ठोकळी, मी तिथल्या तिथे पेन उचललं. मळभ गेलं, तिचं वाक्य आलं.

आणि आता इथल्या मुलांनी भरलेल्या कागदांत तोच प्रश्न सगळ्यात चोख निघालाय. ज्यांचं खरंच बिनसलंय ते 'नेहमी' म्हणतात, नुसते वैतागलेले 'कधीच नाही' म्हणतात. माझे मार्गदर्शक मी आल्यापासून एकदाही हसलेले नाहीत. ते आकडे बघून म्हणाले, "वाईट नाही." मी जिन्यात जाऊन नाचले. शिपायाने बघितलं, पण तो कोणाला सांगणार नाही.

आता तुझं काम. एका विद्यापीठात चाललं म्हणून भागत नाही, दुसरीकडेही चालायला हवं. तू तिथे समुपदेशक म्हणून बसतेस, मला तुझी शे-दोनशे मुलं दे. त्यांनी एकदा प्रश्नावली भरायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, म्हणजे उत्तरं टिकतात का ते कळेल. मधल्या काळात त्यांच्यातल्या काहींशी तू स्वतः बोलायचं, त्यांचा कागद न बघता, आणि तुझं मत वेगळं लिहून ठेवायचं. तुझं मत आणि कागद जुळले की आपण जिंकलो.

कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा याची यादी तुझ्या कपाटात, कुलपात. दुसऱ्या वेळचा कागद पहिल्याला जोडायला ती लागेल, आणि कोणी फारच बिकट अवस्थेत दिसलं तर तुला त्याला गाठता यायला हवं. डिसेंबरात प्रबंध द्यायचाय. नाही म्हणू नकोस.

तुझी,
भिंगरी


२१ जुलै

प्रिय भिंगरी,

हो. हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तुला खरं सांगू, मला तुझ्यापेक्षा जास्त उत्साह आलाय, फक्त मी नाचत नाही, एवढंच. माझी खोली म्हणजे ग्रंथालयाच्या बोळाच्या टोकाला एक टेबल, तीन खुर्च्या आणि जुन्या करंडकांनी भरलेलं एक अवाढव्य कपाट. गेल्या वर्षभरात तिथे जी मुलं आली त्यातली निम्मी बसच्या पासचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला आली होती. एवढ्या मोठ्या विद्यापीठात कोणाचंच काही बिघडत नसेल हे मला कधीच पटलं नाही. ती येत नाहीत, इतकंच. तुझ्या कागदामुळे निदान ती आहेत हे तरी दिसेल.

सराव म्हणून सासूबाईंना प्रश्न विचारून पाहिले. 'प्रत्येक गोष्ट ओढूनताणून करावी लागते असं किती वेळा वाटतं?' त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला उठवताना रोज." त्यांना मी अभ्यासातून वगळलंय.

तयारीला लागलेय. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान आहे, तिसऱ्या वर्षाला, सगळे तिला कप्तानच म्हणतात. शिक्षकांचं कोणी ऐकत नाही, पण तिचं सगळं वसतिगृह ऐकतं. तिला बोलावून घेतलं. हात मागे बांधून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "यादी कोणाकडे राहणार?" म्हटलं, माझ्याकडे, कुलपात. "बरं," म्हणाली आणि गेली. पोरगी चुणचुणीत आहे. तिची मदत होईल.

तुझी,
ठोकळी


१० ऑगस्ट

भिंगरी,

सोबत गठ्ठा. काल पहिली फेरी झाली. हॉल खच्चून भरला होता, मागे खिडकीत बसलेली मुलंही होती. कप्तानने शब्द टाकला म्हणायचा. मुलांनी इतक्या भराभर लिहिलं की मी सूचना वाचून घसा ओला करेपर्यंत पहिले कागद परत आले. कोणी कुजबुजलं नाही, कोणी हसलं नाही.

कुलसचिवांशी मध्ये जरा बोलणं झालं. विशेष काही नाही, ते मग सांगेन. तू आकडे बघ आणि लगेच कळव. मला धीर नाही.

ठोकळी


१९ ऑगस्ट

ठोकळी,

तुझ्या विद्यापीठात देवदूत शिकतात का? गठ्ठा उघडला, पहिला कागद बघितला, 'कधीच नाही', खाली सगळं 'कधीच नाही'. म्हटलं, एखादा सुखी जीव असेल. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी जमिनीवर पसरून बसले आणि एकेक उलटत गेले. जवळपास अख्ख्या वसतिगृहाला कधी झोप न लागण्याचा त्रास नाही, कधी रडू आलेलं नाही, कधी काही नकोसं झालेलं नाही. एकाने तर 'कधी कधी थकवा येतो' हेही नाकारलंय. तो जिवंत आहे ना, बघून घे.

मार्गदर्शकांना दाखवलं. त्यांनी गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "तिकडे प्रश्नावली पडली." चार वर्षं, ठोकळी.

तू काय सांगितलंस त्यांना? लवकर आवरा म्हणालीस? परीक्षेसारखं वाटू नये म्हणून हसतखेळत घे असं मी बजावलं होतं, म्हणून त्यांना हा खेळच वाटला का? तू म्हणतेस भराभर लिहिलं. भराभर लिहितायत हे दिसत असताना तू थांबवलं का नाहीस? कॉलेजातही तुझं हेच होतं, समोर जे होतंय ते होऊ द्यायचं आणि मग 'झालं की' म्हणायचं. मला वाटलं होतं हे काम तुझंही आहे.

दुसरी फेरी करू नकोस. काय करायचं ते मला कळत नाहीये.

भिंगरी


२ सप्टेंबर

भिंगरी,

तुझ्या पत्राला मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं आणि फाडलं. हे दुसरं. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

तुझं पत्र वाचून मी तडक मैदानावर गेले. सराव चालला होता. कप्तानला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू सांगितलंस ना त्यांना?" तिने नाकारलं नाही. टॉवेलने मान पुसत म्हणाली, "हो. प्रत्येक खोलीत गेले होते. म्हटलं, सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण करा आणि उठा."

"का पण?"

"अक्कासाठी."

अक्का म्हणजे तिची खोलीतली थोरली मैत्रीण. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. तिने एका शिक्षिकेला विश्वासाने सांगितलं की झोप लागत नाही, आणि कधी कधी आपण नसतो तर बरं असं मनात येतं. शिक्षिकेने वर कळवलं. दोन दिवसांत वडिलांना बोलावून घेतलं, ट्रंक भरली आणि अक्काची विश्रांतीसाठी घरी रवानगी झाली. परीक्षा हुकली. वसतिगृहातली जागा दुसरीला दिली. तेव्हापासून ती घरी आहे आणि तिला परत बोलवायचं कोणाच्या मनातही आलेलं नाही. मी इथे रुजू झाले ती त्यानंतर, मला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, पण मला येऊन सांगायचं होतंस. यादी माझ्या कुलपात होती."

तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

मला माहीत नव्हतं. चौकशी केली. कार्यालयात असते.

आता जे तुझ्यापासून लपवलं ते. पहिल्या फेरीच्या आधीच कुलसचिवांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, ज्यांचे गुण जास्त येतील, म्हणजे ज्यांचं बिनसलेलं दिसेल, त्यांची नावं मला द्या, आपण पालकांना वेळेत कळवू. मी म्हटलं, तसं करता येणार नाही, मुलांना शब्द दिलाय. ते म्हणाले, बघा, ऑक्टोबरात तुमच्या नेमणुकीचं नूतनीकरण आहे. हे धमकी देऊन म्हणाले नाहीत, काळजीने म्हणाले, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. माणूस वाईट नाही. शेजारच्या एका कॉलेजात गेल्या वर्षी एक मुलगा गेला. तिथल्या प्राचार्यांना लोकांनी महिनाभर घराबाहेर पडू दिलं नाही. त्या बातमीचं कात्रण आमच्या कुलसचिवांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. ते घाबरलेत. मला वाटलं, मी सांभाळून घेईन, तुझ्या डोक्याला कशाला ताप.

मैदानावरून परत आले, कपाट उघडलं, यादी काढली आणि ग्रंथालयात कागद कातरायचं यंत्र आहे त्यात घातली. तुला न विचारता. आता कोणता क्रमांक कोणाचा हे जगात कोणालाच सांगता येणार नाही, तुलाही नाही. म्हणजे तुझी दुसरी फेरी त्यातच गेली. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं आणि तू 'थांब' म्हणाली असतीस तर माझा हात अडला असता.

समोर जे होतंय ते होऊ दिलं नाही यावेळी, एवढं लिहून ठेव.

ठोकळी


७ सप्टेंबर

माझी ठोकळी,

बरं केलंस. हजारदा बरं केलंस. त्या पत्राबद्दल माझी जीभ हासडून टाक. हाताने लिहिलं होतं, तर हात तोड.

आता ऐक. तुझं पत्र वाचून मी एकदम उठून उभी राहिले. प्रश्नावली पडलेली नाही. मुलांनी प्रश्न न वाचताच खुणा केल्या, म्हणजे प्रश्नांची परीक्षा झालीच नाही. ती खोटं बोलली कारण खरं बोलणं महाग पडतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आपण दोघी शहाण्या, मुलांनी खरं सांगावं म्हणून शब्दांवर शब्द घासत बसलो, पण खरं सांगितल्यावर त्यांचं काय होईल याचा विचार कुठल्याच प्रश्नात नव्हता.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "यादी ठेवायची ही पद्धत मी पंधरा वर्षं शिकवतोय." मग संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीला द्यायचा नवा अर्ज स्वतःच्या हाताने खरडायला घेतला. विद्यापीठ आपल्याला डिसेंबर ओलांडू देणार नाही, पण ऑक्टोबर अजून आपल्या हातात आहे.

तर नवी युक्ती. यादीच नको. प्रत्येकाने आपला क्रमांक आपणच तयार करायचा. आजीच्या नावाचं पहिलं अक्षर, आईच्या जन्माची तारीख, चपलेचं माप, असं कार्यालयात न नोंदलेलं काहीबाही जोडून. दोन आठवड्यांनी विचारलं तरी तोच बनेल, आणि त्यावरून माणूस शोधणं कोणाच्या बापाला जमणार नाही.

पण इथेच मी अडकलेय. कोणी फारच वाईट अवस्थेत असेल तर त्याला आपण गाठायचं कसं? नाव माहीत नसताना मदत कशी पोचवायची? आणि मुलांनी आपणहून तुझ्याकडे यावं म्हटलं, तर बोळात उभं राहून सगळे बघणार, कोण आत गेलं. मी भिंतीवर डोकं आपटून झालं. तू कप्तानला विचार. आपल्याला फसवण्याची जिला एवढी अक्कल होती, तिला वाचवण्याचीही असेल.

तुझी (माफ केलं असलंस तर),
भिंगरी


२८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

माफ कधीच केलं होतं. तुला थोडं तडफडू दिलं, एवढंच.

कप्तान आली आणि यावेळी बसली. तुझं कोडं तिच्यापुढे ठेवलं. ती माझ्याकडे न बघता कपाटाकडे बघत होती. म्हणाली, "याच्या मागे दार आहे ना?" मला पत्ता नव्हता. ती म्हणाली, बाहेरून दिसतं, मागच्या बागेत उघडणारं, आम्ही तिथे चेंडू शोधायला जातो.

मग तिने मांडलं ते असं. प्रश्नावली भरून झाली की प्रत्येकाने माझ्या खोलीतून जायचं. प्रत्येकाने, हसऱ्यानेही आणि रडक्यानेही. बोळातून आत यायचं, माझ्यासमोर बसायचं, आणि मागच्या दाराने बागेत जायचं. सगळेच आत जाणार, मग कोण कशासाठी गेलं हे कोणाला कळणार?

मी म्हटलं, "पण एखादी जास्त वेळ बसली तर बाहेर थांबलेल्यांना कळेलच की."

"मग काहींना उगाचच जास्त वेळ बसवा. चिठ्ठ्या टाकून. ज्याची निघेल त्याने पाऊण तास बसायचं, त्याला गरज असो नसो."

भिंगरी, मला हसू फुटलं. तिला काय कल्पना, पण तुला माझ्याकडून जी मतं हवी होती, त्यासाठी मुलं नेमकी अशीच निवडायला हवीत ना, चिठ्ठ्या टाकून? तिने तुझी आणि मुलांची सोय एका फटक्यात केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कुलसचिवांकडे गेलो. मी बोलणार होते, घोकून गेले होते. पण त्यांनी कप्तानलाच विचारलं, "तूच का ती, मुलांना फितवणारी?"

ती म्हणाली, "हो सर. तुम्ही त्रासातल्यांची यादी मिळवली असती तर तिच्यात एकही नाव नसतं."

"मग मी काय करू? हातावर हात धरून बसू? उद्या काही झालं तर कोणाला विचारणार आहेत?"

"अक्काला घरी पाठवलंत, तेव्हा काही झालं नाही असं वाटतं का तुम्हाला?"

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कशी आहे ती?"

"तुम्हीच विचारा की सर. तिला इथून आजवर कोणी विचारलेलं नाही." आणि तिने समोरच्या कागदावर नंबर लिहून दिला.

मला वाटलं, माझी नोकरी तर गेलीच, हिचंही वर्ष जातंय. कुलसचिव म्हणाले, "तुम्ही जा आता." गेलो.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी ते स्वतः माझ्या खोलीत आले, पहिल्यांदाच. उभ्या उभ्याच म्हणाले, त्या मुलीशी बोललो, तिच्या वडिलांशीही बोललो. मग कपाटावर हात ठेवून म्हणाले, "हे कुठे हलवायचंय?"

व्हॉलीबॉलचा अख्खा संघ आला. करंडक वाहून नेताना मुलींनी एकेकावरची धूळ पुसून कोणत्या वर्षी कोण हरलं याची मोठमोठ्याने चर्चा केली. मागचं दार गंजलं होतं. तेल घातलं, तरी उघडेना. शेवटी कप्तानने खांदा लावला आणि ते एकदम उघडलं. खोलीत इतका उजेड आला की मला माझंच टेबल ओळखू येईना.

९ ऑक्टोबरला नव्याने पहिली फेरी. कुलसचिव स्वतः हॉलमध्ये येऊन बोलणार आहेत. मला दोन दिवस नीट जेवण जात नाहीये.

तुझी,
ठोकळी


२५ ऑक्टोबर

भिंगरी,

दोन्ही फेऱ्यांचे गठ्ठे आणि माझी मतं, सगळं सोबत आहे. मतांवरही नाव नाही, ज्याने त्याने आपला क्रमांक स्वतः लिहिलाय; पाकीट चिकटवलंय, आधी फोडू नकोस, नाहीतर तुझे मार्गदर्शक पुन्हा चष्मा काढतील.

कुलसचिव व्यासपीठावर चढले नाहीत, खालीच मुलांसमोर उभे राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी आमच्याकडून एका मुलीच्या बाबतीत चूक झाली. यावेळी आम्ही नावं मागणार नाही. कोणाला घरी पाठवणार नाही." एवढंच बोलले आणि निघून गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांनी वळून कप्तानकडे बघितलं. तिने मान डोलावली आणि पेन उघडलं. मग सगळ्यांनी उघडलं.

यावेळी कोणी भराभर लिहिलं नाही. कागदावरचा पेनाचा आवाज ऐकू येत होता. एक मुलगा एका प्रश्नावर इतका थबकला की मला वाटलं झोपला.

मग दोन आठवडे रोज माझ्या खोलीतून माणसांची रांग. बहुतेक जण खुर्चीत टेकून, "मी ठीक आहे" म्हणून बागेत पळाले. चिठ्ठी निघालेल्यातला एक मुलगा पाऊण तास फक्त बुद्धिबळाबद्दल बोलला, मला आता सगळे डाव येतात. पण काही जण, चिठ्ठी नसताना, बसले ते उठेचनात. काहींना मी डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांच्याबरोबर बसून राहिले. आणि एक दिवस रांगेत भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक उभे होते. म्हटलं, सर, ही विद्यार्थ्यांची रांग आहे. म्हणाले, "माहीत आहे. दार दोन्हीकडून उघडं आहे ना?"

लवकर मोज. मी इथे नखं खातेय.

ठोकळी


५ नोव्हेंबर

ठोकळी, ठोकळी, ठोकळी,

जुळलं.

पाकीट मार्गदर्शकांसमोर फोडलं. एका बाजूला तुझी मतं, दुसऱ्या बाजूला कागद. ज्यांच्याबद्दल तू 'काळजी वाटते' लिहिलंयस, त्यांचे गुण जवळजवळ सगळीकडे वर. बुद्धिबळवाला एकदम खाली, तो सुखी आहे, काळजी करू नकोस. फक्त दोन ठिकाणी तुझं आणि कागदाचं पटत नाही. दोन आठवड्यांनी उत्तरंही टिकली. आणि तो प्रश्न, 'आतून बंद पडल्यासारखं', तो तुझ्याकडेही पहिला आला. त्या वास्तुशास्त्राच्या मुलीला मी कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं. ती म्हणाली, "मग आता मला चहा पाजा."

सगळं गोड नाही, तेही लिहिते. थकव्याचा प्रश्न बाद. थकवा सगळ्यांनाच आहे, त्यावरून काहीच कळत नाही. मला तो फार आवडायचा, काढताना जिवावर आलं.

मार्गदर्शकांनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, "चांगलं आहे." मी वाट बघत राहिले. मग ते हसले. ठोकळी, त्यांचा एक दात सोन्याचा आहे. कोणालाही माहीत नव्हतं.

मुख्य गोष्ट पुढे आहे. त्यांनी सांगितलं, ऑगस्टमधले 'कधीच नाही'चे कागद लपवायचे नाहीत. प्रबंधात त्यांचं स्वतंत्र प्रकरण करायचं, ऑगस्ट आणि ऑक्टोबर शेजारी शेजारी. तेच प्रश्न, त्याच वसतिगृहातली मुलं, पण उत्तरं किती वेगळी, हे लोकांना दिसू दे. यावरून पुढे छापू त्या शोधनिबंधावर तुझं नाव माझ्या नावाच्या शेजारी असेल, यावर वाद घालायचा नाही.

तुझ्या नेमणुकीचं काय झालं ते तू अजून लिहिलेलं नाहीस. आणि अक्काचं? कप्तान खूश आहे ना? सगळं लिही, एकही गोष्ट गाळू नकोस.

जिन्यात पुन्हा नाचलेली,
भिंगरी


१४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी टीव्ही बंद केला. या घरात याहून मोठा मान कोणाला मिळालेला नाही.

नेमणूक झाली, तीन वर्षांची. कागदावर कुलसचिवांनी सही केली आणि वर म्हणाले, तुम्ही फार हट्टी आहात. मी आभार मानले.

अक्का सोमवारी आली. वडील पोचवायला आले होते. ते फाटकापाशीच घुटमळत होते, इथे पुन्हा पाय टाकावा की नाही असं. कुलसचिव खाली उतरून त्यांना आत घेऊन गेले. अक्काला राहिलेली परीक्षा देता येणार आहे, तिची जागाही परत मिळाली. ती बारीक झालीय, हळू बोलते, पण स्वतःची ट्रंक कोणाला उचलू देत नव्हती. संघातल्या मुली तिच्याभोवती इतक्या गोळा झाल्या की मला ती नीट दिसलीसुद्धा नाही. मला वाटलं कप्तान सगळ्यात पुढे असेल. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. मी हात केला, तिने पाहिलं नाही.

काल दुपारी ती माझ्या खोलीत आली. ऑक्टोबरच्या दोन्ही फेऱ्यांत तिने सगळ्यांबरोबर कागद भरला होता, माझ्यासमोर खुर्चीतही बसली होती आणि 'मी ठीक आहे' म्हणून बागेत निघून गेली होती. काल रांग नव्हती, चिठ्ठी नव्हती, कोणाच्या वतीने काही विचारायचंही नव्हतं. मी म्हटलं, काय गं, अक्काचं काही राहिलंय का? ती म्हणाली, "अक्काचं झालं, मॅडम. आता माझं."

आणि ती बसली. हात पहिल्यांदा मांडीवर ठेवलेले पाहिले मी तिचे.

पुढचं काय बोलणं झालं ते तुला सांगणार नाही. एकही गोष्ट गाळू नकोस असं तू लिहिलंयस, तरी ही गाळतेय. एवढंच सांगते की मी उठून दोन्ही दारं लावून घेतली, आणि बाहेर बसच्या पाससाठी कोणी तरी बराच वेळ टकटक करत होतं, त्याला मी थांबू दिलं. ती आज परत येणार आहे. उद्याही.

तुझी,
ठोकळी